लॅटिनो समाजासाठी मनोपचाराचे ॲप : देश, सात्म्य व भाषा यांचा विचार

अमेरिकन मनोविकारतज्ज्ञांच्या संघटनेने २०१३ साली आपल्या निदानपुस्तिकेची पाचवी आवृत्ती प्रसिद्ध केली. डी.एस.एम.-५ या नावाने ती सर्वत्र ओळखली जाते. तिच्या परिशिष्टात एक छोटी सूची आहे. निरनिराळ्या समाजांत मनाचा त्रास ज्या शब्दांनी व्यक्त केला जातो, अशा नऊ संज्ञा तीत दिलेल्या आहेत. त्यांतील एक आपल्या पूर्ण परिचयाची आहे, ती म्हणजे 'धात'. या लक्षणसमूहाला आधुनिक वैद्यकीय साहित्यात हे नाव १९६० साली डॉ. एन. एन. विग यांनी दिले. त्याच सूचीत 'नेर्वियोस', 'आताके दे नेर्वियोस' आणि 'सुस्तो' अशा तीन संज्ञा स्पॅनिश भाषिक समाजातील आहेत.

धातूक्षयाची तक्रार घेऊन येणारा तरुण रुग्ण आपणांपैकी प्रत्येकाने पाहिलेला आहे. धातू जाते, कंबर दुखते, अभ्यासात लक्ष लागत नाही, असे तो खाली मान घालून सांगतो. 'असा रोगच नसतो' म्हणून त्याला परत पाठविणारा चिकित्सक त्याचा विश्वास गमावतो. 'फारच धातू गेली आहे' म्हणून महागडा पाक त्याच्या गळ्यात मारणारा त्याचे नुकसान करतो. या दोहोंमधून जी वाट काढावी लागते, नेमकी तीच वाट अमेरिकेतील लॅटिनो रुग्णासाठी मोबाईलवरील मनोपचाराचे ॲप रचणाऱ्यास काढावी लागते. प्रस्तुत लेखाचा विषय एवढाच आहे.

हा विषय आमच्या त्रैमासिकात कशाला, असा प्रश्न काही वाचकांना पडेल. पुण्यातील एका लहान संगणक संस्थेकडे अशा ॲपचे काही काम आले असता तेथील एका रुग्णमित्राने मला विचारले, "वैद्यराज, नेर्वियोस म्हणजे आपला वातव्याधीच ना?" प्रश्न साधा होता, परंतु त्याचे उत्तर 'होय' असे दिले असते तर ॲपच्या प्रश्नावलीत एक चुकीचा रकाना कायमचा बसला असता. आपल्याकडे असे सल्ले मागण्यास लोक यापुढे अधिक येणार आहेत, म्हणून हा प्रपंच.

प्रथम 'लॅटिनो' म्हणजे कोण हे पाहू. अमेरिकेच्या २०२० च्या जनगणनेनुसार या समाजाची लोकसंख्या ६ कोटी २१ लाख, म्हणजे देशाच्या सुमारे १८.७ टक्के होती. त्यांत निम्म्याहून अधिक लोक मेक्सिकन मूळ असलेले आहेत. त्याखेरीज प्वेर्तो रिको, क्युबा, एल साल्वादोर, डोमिनिकन प्रजासत्ताक, ग्वातेमाला, कोलंबिया इत्यादी ठिकाणची कुटुंबे आहेत. प्वेर्तो रिकोचे लोक १९१७ पासून अमेरिकेचे नागरिक आहेत. टेक्सास व न्यू मेक्सिकोमधील काही घराणी तर १८४८ साली सीमारेषाच सरकल्यामुळे अमेरिकन झाली. ती स्थलांतरित नव्हेतच. याउलट एल साल्वादोरमधील १९८० ते १९९२ या काळातील यादवी युद्धातून निसटून आलेल्या माणसाचे दुःख निराळे आहे. ब्राझीलचा माणूस पोर्तुगीज बोलतो. ग्वातेमालाच्या डोंगरातून आलेल्या किचे माया स्त्रीला स्पॅनिश ही दुसरी भाषा असते. 'लॅटिनक्स' हा विद्यापीठांत रूढ झालेला शब्द तर त्या समाजातील फारच थोडे लोक स्वतःसाठी वापरतात. २०२० साली प्रसिद्ध झालेल्या प्यू संस्थेच्या पाहणीत हे प्रमाण अवघे ३ टक्के आढळले. तरीही ॲपच्या पहिल्याच पडद्यावर तो शब्द झळकविण्याचा मोह पुष्कळांना आवरत नाही.

आपल्या शास्त्रात 'देश' या शब्दाने भूमी आणि आतुर या दोहोंचा विचार सांगितला आहे. रुग्ण कोणत्या भूमीत जन्मला, कोठे वाढला, कोठे आजारी पडला, तेथील लोकांचा आहारविहार कसा, हे भूमिपरीक्षेत येते. आणि प्रत्यक्ष रुग्ण हाही एक देशच, त्याची परीक्षा दशविध प्रकारे करावयाची. सात्म्य आणि सत्त्व ही त्यांतील दोन अंगे येथे विशेष उपयोगी पडतात. ॲप रचणारे बहुधा भूमिदेशावरच थांबतात. ते नकाशा पाहतात, पडद्यावर निवडुंग, मोठी टोपी व लाल-हिरवे रंग आणतात, आणि संस्कृतीचा विचार झाला असे मानतात. उद्या कोणी मराठी माणसासाठी ॲप काढून प्रत्येक पडद्यावर फेटा व नऊवारी दाखविली तर आपणांस जे वाटेल तेच मायामीच्या क्युबन कारकुनास वाटते. ग्वादालुपेच्या मातेचे चित्र घालण्याविषयीही तसेच. प्यू संस्थेच्या २०२२ च्या पाहणीत लॅटिनो प्रौढांपैकी ४३ टक्के कॅथलिक होते, ३० टक्के लोकांनी कोणताच धर्म सांगितला नाही, उरलेल्यांत प्रॉटेस्टंट पंथीयांचा भाग मोठा. रुग्णाने श्रद्धेचा विषय काढला तर त्यास जागा असावी. ॲपने तो गृहीत धरू नये.

आताच्या घटकेला खरी अडचण येते ती लक्षणांच्या भाषेत. 'नेर्वियोस' म्हणजे शब्दशः नसा. 'मला नेर्वियोस आहेत' असे म्हणणारी स्त्री डोकेदुखी, चक्कर, पोटात कालवाकालव, हातापायांस मुंग्या, अनिद्रा, सहज रडू येणे असे सर्व एकत्र सांगते, आणि त्याचा संबंध बहुधा आयुष्यातील कष्टांशी जोडते. हा शब्द कधी सौम्य त्रासासाठी, कधी गंभीर विकारासाठीही वापरला जातो. 'आताके दे नेर्वियोस' हा प्रकार प्वेर्तो रिको व कॅरिबियन भागात विशेष वर्णिलेला आहे. मृत्यूची वार्ता, घरातील भांडण, काडीमोड अशा प्रसंगानंतर एकाएकी आरडाओरड, रडणे, थरथर, छातीतून डोक्याकडे चढणारी उष्णता, क्वचित आक्रमक वर्तन वा मूर्च्छा. आणि वेग ओसरल्यावर पुष्कळदा हलके वाटणे. १९५० च्या दशकात अमेरिकन लष्करी डॉक्टरांनी यास 'प्वेर्तो रिकन सिंड्रोम' असे नाव दिले होते, जणू एका बेटाचे लोकच रोग ठरावेत.

आता ॲपची साधी प्रश्नावली या रुग्णेस काय म्हणेल? छाती धडधडली, थरथर झाली, मरणाचे भय वाटले, तेव्हा 'पॅनिक डिसऑर्डर'. वस्तुतः पॅनिकचे वेग पुष्कळदा काही कारण नसताना येतात व भय हे त्यांचे मुख्य लक्षण असते. आताके मात्र बहुधा प्रसंगाने उद्भवतो आणि त्यात दुःख व संताप यांना अधिक वाव असतो. दोन्ही एकाच रुग्णात असूही शकतात. म्हणून प्रश्न विचारावयाचा तो 'काय झाले?' आणि 'त्या वेळी जवळ कोण होते?' असा. डी.एस.एम.-५ मध्येच १६ प्रश्नांची एक सांस्कृतिक मुलाखत दिलेली आहे. न्यूयॉर्कचे डॉ. रोबेर्तो लुईस-फर्नांदेस यांच्या नेतृत्वाखाली ती सिद्ध झाली. तुमच्या त्रासाला तुम्ही काय नाव देता, तुमच्या घरचे काय म्हणतात, तो कशाने झाला असे तुम्हांस वाटते, आजवर कोणाकोणाकडे गेलात, असा तिचा ओघ आहे. आपल्या निदानपंचकातील हेतू व उपशय यांच्या परीक्षेशी परिचित असलेल्या वैद्यास ही मुलाखत परकी वाटणार नाही. ॲपमध्ये पहिल्या दिवशी नऊ प्रश्नांचा पी.एच.क्यू.-९ तक्ता समोर टाकण्यापूर्वी यांतील चार-पाच प्रश्न आवाजात विचारले जावेत, असे माझे मत आहे.

'सुस्तो' याविषयी थोडे विस्ताराने लिहितो, कारण येथे चुकीची किंमत सर्वांत जास्त आहे. सुस्तो म्हणजे दचकणे. एखाद्या भयानंतर आत्मा शरीर सोडून भटकतो व माणूस क्षीण होतो अशी समजूत. भूक मंदावते, झोप बिघडते, उत्साह जातो. भय आणि लक्षणे यांत दिवसांचे वा वर्षांचेही अंतर असू शकते. उपचार म्हणजे 'लिंपिया', अर्थात ओवाळून वा झाडून काढणे. त्यासाठी अंडे, सताप, तुळशीच्या जातीची पाने वापरतात. आपल्याकडील दृष्ट काढण्याचे व उताऱ्याचे स्मरण यावे असाच हा विधी. हे सारे ऐकून आधुनिक शिकलेला माणूस हसतो आणि आपल्यातील एखादा उत्साही वैद्य 'हा तर भयज आगंतु विकार' म्हणून मोकळा होतो. परंतु रूबेल, ओ'नेल व कोयादो-आर्दोन या अभ्यासकांनी मेक्सिकोच्या ओआहाका प्रांतातील खेड्यांत केलेल्या आणि १९८४ साली ग्रंथरूपाने प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात असे दिसले की, सुस्तो झालेल्यांमध्ये शारीरिक आजारांचे ओझे इतरांपेक्षा जास्त होते, आणि पुढील काही वर्षांत त्यांच्यातील मृत्यूही अधिक होते. म्हणजे 'सुस्तो झाला आहे' असे लिहिणाऱ्यास ॲपने केवळ श्वासाचा व्यायाम देऊन निजविणे धोक्याचे आहे. त्याने रक्त, शर्करा, वजन यांची तपासणी करून घेतली आहे काय, हे विचारणे हा येथे मनोपचाराचाच भाग ठरतो.

म्हणूनच आपल्या संज्ञा त्यांच्या संज्ञांवर चिकटविण्याच्या मी विरुद्ध आहे. नेर्वियोस म्हणजे वातप्रकोप नव्हे आणि सुस्तो म्हणजे उन्माद नव्हे. शीत-उष्णाचा विचार मात्र त्यांच्या घरोघरी आहे. तापलेल्या शरीरावर एकदम थंड पाणी घेऊ नये, बाळंतिणीस अमुक पदार्थ थंड पडतात, हे मेक्सिकन आजीही सांगते. तो विचार स्पॅनिश लोकांबरोबर ग्रीक वैद्यकातून गेला असे जॉर्ज फॉस्टर यांचे म्हणणे, तर तो तेथील मूळ लोकांचाच असे आल्फ्रेदो लोपेस आउस्तिन यांचे. तो वाद बाजूस ठेवला तरी आपल्याला त्या आजीशी बोलणे सोपे जाते, एवढे खरे.

भाषेविषयी. यंत्राने केलेले भाषांतर येथे कसे फसते याचे जुने उदाहरण म्हणजे इंग्रजी प्रश्नावलीतील 'निळेपणा झटकता येत नाही' या अर्थाचे वाक्य. इंग्रजीत निळा रंग उदासीचा. स्पॅनिशमध्ये त्याचा तसा अर्थ नाही. 'तेरापिया' हा शब्द पुष्कळांच्या मनात सांधे चोळण्याची चिकित्सा आणतो, आणि मानसोपचार म्हटले की 'मी काही वेडा नाही' हे उत्तर ठरलेले. त्याऐवजी 'देसाओगार्से' हा त्यांचा घरगुती शब्द आहे. मूळ अर्थ गुदमरण्यातून सुटणे, म्हणजे आपले मन मोकळे करणे. 'मन मोकळे करावयाचे आहे काय?' या प्रश्नास होकार देणारा माणूस 'उपचार सुरू करावयाचा आहे काय?' यास नकार देतो.

आदरार्थी रूपांचा प्रश्नही आपणांस सहज समजावा. स्पॅनिशमध्ये 'तू' आणि 'उस्तेद' असा भेद आहे. मध्य अमेरिकेत व अर्जेंटिनात 'वोस' ही चालते. कोलंबियाच्या काही भागांत नवराबायकोही परस्परांस उस्तेद म्हणतात. साठ वर्षांच्या मेक्सिकन गृहस्थास ॲपने एकेरीत हाक मारली तर 'रेस्पेतो' म्हणजे आदर गेला, आणि तो गेला की 'कोन्फियान्सा' म्हणजे भरवसा बसत नाही. उलट अठरा वर्षांच्या मुलीस सतत उस्तेद म्हटले तर सरकारी कचेरीचा भास होतो. आरंभी उस्तेद ठेवून रुग्णासच विचारावे हे बरे. नावाचेही तसेच. तेथे पित्याचे व मातेचे अशी दोन आडनावे असतात. अमेरिकन अर्जात एकच रकाना असल्यामुळे मातेचे आडनाव हे आडनाव आणि पित्याचे मधले नाव ठरते, मग रुग्णाची जुनी नोंद सापडत नाही. वडिलांचे नाव मधल्या रकान्यात लिहिणाऱ्या आपल्या लोकांनी परदेशात हा अनुभव घेतलेलाच आहे. शिवाय स्पॅनिश मजकूर इंग्रजीहून लांबतो, बटणावर मावत नाही. ही बाब क्षुल्लक वाटली तरी अर्धवट तुटलेला शब्द वाचून वृद्ध माणूस तेथेच थांबतो.

कुटुंबाचा प्रश्न दुहेरी आहे. 'फामिलिस्मो', म्हणजे कुटुंब प्रथम, हा या समाजाचा मोठा आधार. पत्नीस, आईस, बहिणीस उपचारात सामील करून घेण्याची सोय ॲपमध्ये हवी. परंतु तोच फोन घरातील तिघे वापरतात, आणि त्रासाचे मूळच घरात असू शकते. म्हणून नोंदी झाकण्याची व एका स्पर्शाने पडदा बदलण्याची सोयही तितकीच हवी. मुलांकडून आईवडिलांचे दुभाषेपण करून घेण्याची रीत तेथे सर्रास आहे. बारा वर्षांच्या मुलाने आईचे मरणाचे विचार इंग्रजीत सांगावेत ही वेळ ॲपने तरी आणू नये. दोन्ही भाषा प्रत्येक पडद्यावर बदलता आल्या की हे बरेच टळते.

याहून कठीण विषय भयाचा आहे. कागदपत्रे नसलेला माणूस पत्ता, जन्मस्थान, विम्याचा क्रमांक विचारताच ॲप पुसून टाकतो. हे भय निराधार नाही. २०२५ साली मेडिकेड योजनेच्या लाभार्थ्यांची माहिती स्थलांतराशी संबंधित खात्याकडे दिली गेल्याचे उघड झाले आणि अनेक राज्ये न्यायालयात गेली. खाजगी कंपन्यांची गोष्ट वेगळी नाही. २०२३ साली अमेरिकेच्या व्यापार आयोगाने बेटरहेल्प या मनोपचार सेवेवर, ग्राहकांची आरोग्यविषयक माहिती जाहिरातींसाठी फेसबुक आदींस दिल्याबद्दल कारवाई केली व ७८ लाख डॉलर भरावयास लावले. यावर माझे मत सरळ आहे : जे विचारलेच नाही ते कोणी मागू शकत नाही. जन्मस्थान व स्थलांतराची स्थिती मुळीच विचारू नये, टोपणनावाने नोंदणी होऊ द्यावी, आणि माहिती कोठे राहते हे आठव्या इयत्तेच्या मुलास कळेल अशा स्पॅनिशमध्ये, ऐकू येईल अशा रीतीने सांगावे. ग्राहकसंस्थेस हे रुचत नाही, कारण माहिती हाच तिचा माल असतो.

आता औषधालय चालविणाऱ्या आपल्या वाचकांसाठी. लॅटिनो वस्तीत 'बोतानिका' नावाची दुकाने असतात. एका बाजूस सुक्या वनस्पती, चहा, तेले. दुसऱ्या बाजूस मेणबत्त्या व संतांच्या मूर्ती. मनाचा त्रास घेऊन माणूस प्रथम तेथेच जातो, किंवा 'कुरांदेरो' म्हणजे पारंपरिक उपचारकाकडे. बहुतेक वस्तू निरुपद्रवी आहेत. बाबूना, पुदिना यांच्या काढ्याने कोणाचे बिघडत नाही. परंतु 'येर्बा दे सान ह्वान' ही उदासीवर घेतली जाणारी वनस्पती, इंग्रजीतील सेंट जॉन्स वर्ट, यकृतातील औषधे विघटित करणारी क्रिया वाढविते. त्यामुळे गर्भनिरोधक गोळ्या, रक्त पातळ ठेवणारे वॉरफरिन, एच.आय.व्ही.ची काही औषधे यांचा प्रभाव घटतो. आणि उदासीवरील आधुनिक औषधांबरोबर ती घेतल्यास सेरोटोनिनचा धोकादायक अतिरेक होऊ शकतो. ॲपने 'तुम्ही कोणती औषधे घेता?' एवढेच विचारले तर रुग्ण ती सांगत नाही, कारण त्याच्या लेखी ते औषध नव्हे, तो चहा आहे. 'घरचे उपाय, चहा, बोतानिकातून आणलेले काही?' असे विचारावे लागते, आणि तेही दटावणीचा सूर न लावता.

दुसरी गोष्ट शिशाची. पोट गच्च होण्याच्या 'एम्पाचो' या तक्रारीवर मेक्सिकन कुटुंबांत कधी कधी 'ग्रेता' व 'आसार्कोन' ही चूर्णे मुलांना दिली जात; अमेरिकेच्या रोगनियंत्रण केंद्राने १९८० च्या दशकापासून त्यांविषयी इशारे दिले आहेत. ग्रेता म्हणजे शिशाचा पिवळा ऑक्साईड, आपले मुर्दाडशिंग. आसार्कोन म्हणजे नारिंगी लाल ऑक्साईड, आपला शेंदूर. शिशाने मुलाची बुद्धी मंदावते, चिडचिड वाढते, आणि ते मूल वर्तनसमस्या म्हणून ॲपवर येते. आपण यावर बोट ठेवताना आपल्याकडेही पाहावे. २००४ साली बोस्टन परिसरातील दुकानांतून घेतलेल्या ७० आयुर्वेदीय उत्पादनांपैकी १४ मध्ये शिसे, पारा वा आर्सेनिक आढळल्याचा अहवाल अमेरिकन वैद्यकीय नियतकालिकात आला होता. शोधन-मारणाचा आपला युक्तिवाद स्वतंत्र आहे व तो योग्य जागी मांडावाच, परंतु परदेशातील ॲपसाठी सल्ला देणाऱ्या वैद्याने त्यात कोणत्याही रसौषधीचे नाव घालू नये, असे मी स्पष्टपणे म्हणेन. 'अश्वगंधा का घालू नये?' हाही प्रश्न मला विचारला गेला. माझे उत्तर असे की, आपली वनस्पती तेथे विकण्यासाठी त्यांच्या दुःखाचा दरवाजा वापरणे यास संस्कृतीचा आदर म्हणता येत नाही.

बोलणाऱ्या यंत्राविषयी थोडक्यात. २०२३ साली खाण्याच्या विकारांसाठी असलेली 'टेसा' ही संवादप्रणाली वजन घटविण्याचे सल्ले देऊ लागल्याने बंद करावी लागली. २०२५ साली इलिनॉय राज्याने कृत्रिम बुद्धिमत्तेकडून मनोपचार देण्यास कायद्याने मनाई केली. त्यामुळे मागे जिवंत माणूस हवाच. आत्मघाताचा उल्लेख दिसताच ९८८ या राष्ट्रीय क्रमांकाकडे नेण्याची सोय पाहिजे. तेथे २ दाबल्यास स्पॅनिश बोलणारा मिळतो, आणि जुलै २०२३ पासून 'आयूदा' हा शब्द पाठवून स्पॅनिश संदेशानेही मदत मागता येते. आपल्याकडे हेच काम टेलिमानसचा १४४१६ हा क्रमांक मराठीतही करतो. औषधालयाच्या फलकावर तो लावण्यास खर्च नाही.

हे सर्व कागदावर जमले तरी ते उतरविण्याची रीत काय? प्वेर्तो रिकोचे गिय्येर्मो बेर्नाल व सहकारी यांनी १९९५ साली उपचाराचे रूपांतर करण्यासाठी आठ अंगे सांगितली : भाषा, व्यक्ती, रूपके, आशय, संकल्पना, ध्येये, पद्धती आणि परिस्थिती. बहुतेक ॲप पहिल्या अंगावरच थांबतात. सॅन फ्रान्सिस्कोच्या सार्वजनिक रुग्णालयात रिकार्दो मुन्योस व आद्रियान आगिलेरा यांनी गरीब स्पॅनिश भाषिक रुग्णांच्या गटचिकित्सेस साध्या मोबाईल संदेशांची जोड दिली, तेव्हा महागडा फोन लागला नाही. आज मनःस्थिती कशी आहे, असा रोजचा प्रश्न. रुग्णास कोणीतरी आठवण ठेवते आहे असे वाटणे, हे त्यातील औषध होते. 'पेर्सोनालिस्मो' म्हणतात तो हाच. संस्थेपेक्षा माणसाशी नाते.

म्हणून माझी त्या पुण्यातील मित्रांस सूचना अशी होती की, पहिला आराखडा सॅन अँटोनिओ वा फ्रेस्नो येथील 'प्रोमोतोरा' म्हणजे वस्तीतील आरोग्यसेविकांपुढे ठेवावा, त्यांना त्या वेळेचा मोबदला द्यावा, आणि कोणता शब्द वाचताना कोण हसले, कोणत्या पडद्यावर कोणी फोन खाली ठेवला, हे टिपावे. दोन आठवड्यांनी किती जण पुन्हा उघडतात हे मोजावे. जे सोडून गेले त्यांना कारण विचारावे. ग्राहकसंस्थेने अद्याप प्रोमोतोरांच्या मोबदल्याची रक्कम मंजूर केलेली नाही.